थंडीच्या आधी विणकाम

थंडी दिवाळीनंतर पडते, पण लोकरीचे काम श्रावणातच हाती घ्यावे. पहिल्याच दिवशी स्वेटर विणायला बसणारी बाई आठ दिवसांत सुया फळीवर टाकते. एका वेळी एकच नवा टाका शिकावा आणि त्या टाक्यात होईल तेवढीच वस्तू करावी.

भांगलण उरकली की रोज घटकाभर वेळ मिळतो. तेव्हा नुसता सुलट टाका शिका. सगळ्या ओळी सुलट विणल्या की वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. कडाही वळत नाहीत. मध्यम जाड लोकर घ्या. सुईवर ४० टाके घाला आणि ८० ओळी विणा. ओळी दुप्पट का? या विणीत ओळीची उंची टाक्याच्या रुंदीच्या साधारण निम्मी असते म्हणून. आता एक कोपरा समोरच्या कोपऱ्यावर आणून घडी घाला. कडा जुळल्या तर चौकोन बरोबर. भूमिती फळ्यापेक्षा सुईवर लवकर कळते, असे माझे मत आहे.

एकटीने मोठी चादर विणायची तर जीव मेटाकुटीला येतो. बारा जणी मिळून करा. चौकोन ८ इंचांचा धरा. आडवे ६, उभे ८, म्हणजे ४८ झाले. एकीच्या वाट्याला चारच आले. ते जोडले की ४ फूट रुंद आणि ५ फुटांहून थोडी लांब चादर होते. चादर कोणासाठी, हे मात्र आधी ठरवा. कोणाच्या घरी पौषात पाळणा हलणार, कोणती म्हातारी एकटी निजते, हे बायांना ठाऊक असतेच. नाव ठरले की हात भराभर चालतो. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा देशात ठिकठिकाणी बायांनी जवानांसाठी स्वेटर विणले, ते असेच.

टाके सगळ्यांचे ४० असले तरी एकीचा चौकोन ७ इंच होतो, दुसरीचा ९. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. त्यावरून भांडू नका. हात लवकर बदलत नाही, सुई बदलता येते. घट्ट हाताला जाड सुई द्या, सैल हाताला बारीक. पहिला चौकोन प्रत्येकीने मोजावा, मगच पुढचे विणावेत.

भाद्रपदात उलट टाका शिका. दोन सुलट, दोन उलट असे विणले की वीण रबरासारखी ताणते. कानटोपीची पट्टी अशीच करतात. आश्विनात दोन टाके एकत्र विणून टाके कमी करायला शिका. टोपी वर निमुळती होते ती त्यामुळेच.

लोकर घेताना जपा. बाजारात लोकर म्हणून मिळतो तो धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो. पण विस्तव लागला तर तो वितळून कातडीला चिकटतो. चुलीपाशी बसणाऱ्या म्हातारीला खरी लोकरच बरी. ती मात्र गरम पाण्यात धुऊ नका, आटते. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली, तर लोकर खरी. टोकाला कडक गोळी झाली, तर ती लोकर नव्हे.