पहिलं ड्रम मशीन घेताना

मैत्रिणींनो, भिशी लागली आणि मी चक्क ड्रम मशीन घ्यायचं ठरवलं. 'या वयात?' घरातून आलंच! म्हटलं, १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या ठेक्यावर दहा राग बसवले, तेव्हा तेही चाळिशी ओलांडलेलेच होते.

ते जुनं मशीन आज लाखांच्या घरात. आपल्याला कशाला? मी दोन स्वस्तातली पाहिली: कोर्गचं व्होल्का बीट्स आणि टीनेज इंजिनिअरिंगचं तळहाताएवढं पीओ-१२. दोन्हींत स्पीकर आहे, दोन्ही सेलवर चालतात, कॉम्प्युटर लागत नाही. व्होल्काला सहा सेल लागतात. पीओ-१२ला रिमोटचे बारीक दोनच. मी तेच घेतलं, भिशीतले पैसेही उरले!

दोन्हींत ठेक्याची घरं सोळा. तबला ऐकलेल्या कानाला हे परकं नाही. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात 'धम्' भरलं की डिस्कोचा ठेका तयार. तीनतालाचे विभागही तिथेच सुरू होतात ना!

आधी महिनाभर मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपवर हात बसवा. तरी मन ओढ घेतच असेल, तर खुशाल घ्या. 'या वयात?' विचारणारे आमच्याकडे आता पायानं ताल धरतात!