पाटीच्या आतली मराठी

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतले रस्ते आकड्यांनी ओळखले जातात: रोड नंबर 16, रोड नंबर 22. आकड्याला भाषा नसते, पाटीला असते. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्यांना पाट्या लावायला दोन महिने दिले. कारखान्याच्या दाराच्या आत मात्र न्याय निराळा होता. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 108 ने सूचनाफलकासाठी इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना कळणारी भाषा ठरवली. 2025 मध्ये तो अधिनियम रद्द होईपर्यंत राज्याच्या भाषेचा तिथे उल्लेखही नव्हता. यंत्रापाशी उभ्या माणसाच्या जिवाचा विचार केला तर हे शहाणपणाचेच. पण त्यामुळे दाराबाहेरची मराठी हुकमावर टिकते आणि आतली डोकी मोजून ठरत आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली त्या काळात ही डोकी बहुतांशी मराठी होती; तेव्हा शॉपफ्लोअरवरच्या मराठीला कुणी ‘संवर्धन’ करण्याची गरज नव्हती.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. 1960 मध्ये भाषा संचालनालय, 1964 चा राजभाषा अधिनियम, 1992 मध्ये राज्य मराठी विकास संस्था, 2020 मध्ये शाळांत मराठीची सक्ती आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राकडून अभिजात दर्जा. या सगळ्याची धाव दफ्तर, शाळा आणि समारंभ इथवर. जगभरच्या मराठी माणसांसाठीचे विश्व मराठी संमेलनही वरळी, वाशी आणि पुणे असेच फिरले!

आयर्लंडची गोष्ट इथे बोलकी आहे. 1937 च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा केले. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18.7 लाख लोकांनी ती येत असल्याचे सांगितले. शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. सक्तीने भाषा येते, वापरात येत नाही. देशाबाहेर मात्र चित्र वेगळे. 2007 मध्ये आयरिश युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली, तरी अनुवादकांच्या तुटवड्यामुळे बरेचसे कागद त्या भाषेत न काढण्याची सवलत होती. ती सवलत 2022 च्या आरंभी संपली. दरम्यान अनुवादकांच्या जागा भरल्या गेल्या, म्हणजे आयरिशवर पगार मिळू लागला. मायदेशीही 2021 च्या कायद्याने 2030 पर्यंत सरकारी भरतीत वीस टक्के उमेदवार आयरिश जाणणारे असावेत असे उद्दिष्ट ठेवले.

यावर कुणी म्हणेल, 2011 च्या जनगणनेत 8.3 कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीला आयर्लंडची भीती कशाला? भीती भाषा मरण्याची नाहीच. ती एकेका कामातून उठून जाण्याची आहे, आणि त्यावर कोटींचा आकडा उपयोगी पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा: परप्रांतीय कामगारावर मराठी लादणे हा अन्याय. म्हणूनच त्याच्या भाषेतला सुरक्षाफलक काढू नये. शेजारी मराठीची ओळ यावी. एमआयडीसी भूखंड भाडेपट्ट्याने देते. त्या करारात कामाच्या वेळेत, भरपगारी, आठवड्याला एक तास मराठी शिकण्याची अट घालता येईल. शिक्षक सरकारने द्यावा. खर्च एका संमेलनाच्या मांडवातून निघू शकेल.