दोन हजारांचा हप्ता आणि दादाजींचा सातबारा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्यांच्या मोबाइलवर दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला. माझ्या भावाच्या मोबाइलवर आला नाही. शेती तोच करतो, तीन एकर. तलाठ्याने सातबारा उघडून दाखवला. वर दादाजींचं नाव. दादाजी 1998 साली अल्लाहला प्यारे झाले, अब्बा 2017 साली. उताऱ्याला दोघांचाही इन्तकाल माहीत नाही!

हे आमच्याच घरी आहे असं नाही. शाळेत पालक कागद वाचून घ्यायला येतात, त्यांचीही तीच कथा.

24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना वर्षाला 6000 रुपये देते, दर चार महिन्यांनी दोन हजार. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने 2023 पासून तेवढीच भर घातली. रक्कम लहान वाटेल. पण दोन हजारांत डीएपीची 1350 रुपयांची एक गोणी आणि युरियाच्या दोन गोण्या येतात, तेही सावकाराकडे न जाता.

मात्र हा पैसा कसणाऱ्याला नाही, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतो. म्हणून बटईदार बाहेर. 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही. वारसाने नाव लागलं तर ही अट आड येत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. म्हणजे वेगळे संसार असलेल्या भावांना, नाव उताऱ्यावर असेल तर, वेगवेगळा लाभ. माझ्यासारखे सरकारी पगारदार आणि आयकर भरणारे बसत नाहीत. चुकून घेतलेले पैसे परत करावे लागतात, हे काही शिक्षकमित्रांना नोटीस आल्यावर कळलं.

दुसरी अडचण नावांची. सातबाऱ्यावर 'शेख' आधी, आधारवर शेवटी, बँकेत 'इस्माईल'चं 'इस्माइल'. आपण घरात हसतो, संगणक हसत नाही. आधार आणि बँकेतलं नाव आधी एकसारखं करून घ्यावं. सातबाऱ्यातली लेखनाची चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ई-केवायसीला अंगठा उमटत नसेल (नांगर धरलेल्या हातांचे ठसे झिजतातच) तर चेहरा दाखवूनही ती होते.

आम्ही मृत्यूचे दाखले आणि वारसांची यादी घेऊन वारस नोंदीचा अर्ज केला. तिथे कुणीतरी सुचवलं, "फुफीकडून हक्कसोडपत्र घ्या, काम लवकर होईल." भावाने तसा कागदही करून आणला. फुफीने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, "सरकारचे पैसे यायला माझं नाव जायला हवं का?"

नाही. मुळीच नाही. एका उताऱ्यावर चार नावं असली तरी ज्याचं त्याचं पात्रतेप्रमाणे पाहिलं जातं. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, तो आम्ही मुलांना पाठ करायला लावतो आणि चावडीवर विसरतो. मीही त्या दिवशी गप्पच बसलो होतो, हे लिहिताना लाज वाटते.

तो कागद भावाने फाडला. फेरफाराची नोटीस आता चावडीवर लागली आहे, पंधरा दिवसांची मुदत. फुफी, अम्मी, भाऊ आणि मी. फुफीचं नाव सर्वांत वर आहे.