“डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, नंतर फोन करा!”

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलं असेल? मी तीन दिवसांत चारदा ऐकलं. सासूबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रियेची तारीख दहा दिवसांवर ठरली. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की हृदयासाठी त्या रोज घेतात ती रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवायची की नाही, हे विचारायचंच राहिलं! गोळी चालू ठेवावी तर शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढण्याची भीती, आणि आपल्या मनानं बंद करावी तर गुठळीची. शिवाय बंद करायची तर ती काही दिवस आधीच करावी लागते. म्हणजे एकेक दिवस हातचा जात होता.

आमचे हे म्हणाले, “अगं, डॉक्टरांना माहीत असणारच.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “चांगली खडसाव त्या फोनवरच्या मुलीला!” मला दोन्ही पटेना. पण चूक माझीही होतीच. “काय काम आहे?” असं ती विचारी आणि मी म्हणे, “डॉक्टरांशीच बोलायचंय.” आता सांगा, समोर वीस पेशंट बसलेले, दुसरा फोन खणखणतोय, तिनं माझी निकड ओळखावी कशी?

मग एका कागदावर सासूबाईंचं नाव, वय, शस्त्रक्रियेची तारीख, गोळीचं नाव, ती किती मिलीग्रॅमची, कुणी आणि कधीपासून दिली, असं सगळं लिहून काढलं. आणि पाचवा फोन केला.

“ताई, तुम्ही गडबडीत आहात, एकच मिनिट घेते. पुढच्या गुरुवारी आमच्या सासूबाईंची शस्त्रक्रिया आहे. त्या रक्त पातळ करायची गोळी घेतात. ती बंद करायची का आणि कधीपासून, एवढंच डॉक्टरांना विचारायचंय. उत्तर आजच हवंय. लिहून घेता?”

तिनं लिहून घेतलं. मी म्हटलं, “एकदा वाचून दाखवता का?” गोळीचं नाव चुकलंच होतं! ते दुरुस्त केलं, तिचं नाव विचारलं आणि कितीला फोन करू तेही. “पाचला.” पाचला उत्तर तयार नव्हतं. “बरं, मग साडेसहाला मी स्वतःच कागद घेऊन येते,” म्हटलं आणि गेले. आवाज चढवला नाही, पण खुर्चीवरून उठलेही नाही. डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. गोळी कधी थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, ते मी केसपेपरवरच लिहून मागितलं. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत निम्मं विसरतं, नाही का?

संमतीपत्राचंही तसंच. “इथे सही करा” म्हटलं की आपण करून मोकळ्या! २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्याचा निकाल दिला होता. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका अविवाहित बाईचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईची संमती घेऊन काढलं होतं. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान, भानावर येणाऱ्या बाईऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. तेव्हा “दोन मिनिटं वाचते हं” म्हणायला संकोचू नका. कागदपत्रांच्या प्रतीही मागता येतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. अर्ज मात्र लेखी द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

एक सांगायचं राहिलं. शस्त्रक्रियेनंतर ताप चढला, जखम वाहू लागली, पोट फार दुखू लागलं किंवा धाप लागली, तर पाचच्या फोनची वाट बघू नये, थेट रुग्णालय गाठावं. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे मी घरी सोडतानाच त्या ताईंना विचारून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं. सासूबाईंनी तो कागद अजून काढू दिलेला नाही.