‘ळ’ची बिरादरी

डाळ, गूळ, केळी, फळं... जालन्याच्या बाजारात ‘ळ’वाचून पान हलत नाही. जिल्ह्याच्या नावात मात्र ‘ल’ आहे. ‘ळ’ तसा जुनाच: ऋग्वेदात दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘ळ’ होतो. अभिजात संस्कृताने तो सोडला. मराठीत तो बहुधा जुन्या ‘ल’मधून आला: फल-फळ, काल-काळ. शब्दाच्या आरंभी तो येत नाही.

गुजराती, राजस्थानी, पंजाबी, ओडिया, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या सगळ्यांत हा उच्चार आहे, प्रत्येक लिपीत अक्षर वेगळं. प्रमाण हिंदीत तो नाही, म्हणून टिळक तिथे ‘तिलक’ झाले. रोमन पाट्यांवर ‘ल’ आणि ‘ळ’ दोन्हींसाठी एकच ‘एल’. वेल-वेळ, मूल-मूळ हा फरक जपणाऱ्या भाषेचं त्यात खरंच नुकसान आहे.