३७ अंशांचा नियम

दुपारी १२ ते ३ या वेळात तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल, तर त्या भागात बैल गाडीला जुंपायचा नाही. दिवसाचं काम ९ तासांच्या वर नाही, विसाव्याशिवाय सलग ५ तासांच्या वर नाही. पराणीला टोकदार आर नाही. हे सगळं १९६५ पासून भारवाहू जनावरांच्या नियमांत लिहिलेलं आहे. जळगाव-धुळ्याला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. या नियमाची गरज आमच्या खानदेशाइतकी कुणाला असेल? तरी पशुवैद्यक म्हणून केलेल्या सगळ्या नोकरीत हा नियम ठाऊक असलेला एकही गाडीवान मला भेटला नाही.

दवाखान्यात खांदेसुजीचे बैल यायचे. जू घासून कातडं सोललेलं, वर घाम, माश्या, नदीपात्रातली वाळू. मलम लावून मी सांगायचो, "आप्पा, पंधरा दिवस जुंपू नका." आप्पा विचारायचे, "मग डॉक्टर, पंधरा दिवस खायचं काय?" पोळ्याच्या आदल्या दिवशी याच खांद्यांना हळद-लोणी चोळणारी ही माणसं. त्यांची माया खरी, अडचणही खरी.

पण जखमी बैल जुंपणं हा १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! त्यातही गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ही शिक्षा अपुरी आहे, संसदेने कायदा सुधारावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींच्या निकालात सांगितलं. २०२२ साली केंद्राने कडक शिक्षेचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्राने २०१७ साली शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद ठरवली. शर्यतीच्या बैलाला एवढं संरक्षण आणि वाळू ओढणाऱ्याला ५० रुपयांचं, हे मला पटत नाही.

गरीब गाडीवानाला तुरुंगात टाका, असं मी म्हणत नाही. गुन्हा दखलपात्र करा, आणि मोठा दंड भरदुपारी खेपा मागणाऱ्या ठेकेदाराला लावा. जखमी जनावरांसाठी उपचारगृहांची तरतूद कलम ३५ मध्ये आहेच. ती तालुक्याला उभी राहिली, तर आप्पांच्या बैलाला विसावा मिळेल. त्या पंधरा दिवसांची मजुरी दंडाच्या रकमेतून द्या. आणि कायदा बदलेपर्यंत निदान बैलबाजाराच्या फाटकावर १२ ते ३ची वेळ ठळक मराठीत रंगवा. त्याला संसदेची परवानगी लागत नाही.