प्रत्यारोपण कक्षाबाहेरचा सोबती

अवयव प्रत्यारोपण म्हटले की निष्णात शल्यविशारद आणि सायरन वाजवत धावणारी रुग्णवाहिका डोळ्यांपुढे येते. तिथे तुमच्याआमच्यासारखा माणूस स्वयंसेवक म्हणून काय करणार? श्रोतेहो, त्याचे काम असते कक्षाबाहेरच्या बाकड्यावर, नातेवाइकांजवळ.

विदर्भातील अवयववाटपाचा समन्वय नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून होतो. चंद्रपूर तिथून सुमारे १५० किलोमीटर. सिरोंचा तर गडचिरोलीहूनच सुमारे २०० किलोमीटर. अपघातातला रुग्ण नागपूरला हलवला की सोबतच्या दोघातिघांना शहर नवखे असते. भामरागड-एटापल्लीकडच्या माणसांची बोली माडिया किंवा गोंडी. अशा वेळी डॉक्टर सांगतात, ‘रुग्ण मेंदूमृत आहे.’

हे पटणे कठीण असते. व्हेंटिलेटरमुळे छाती हलते, हृदय धडधडते, अंग ऊबदार लागते. पण मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत माणूस परतत नाही. १९९४च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून हे प्रमाणित करते. त्यानंतरच अवयवदानाचा विषय निघतो.

तो विषय काढणे हे प्रशिक्षित समन्वयकाचे काम. स्वयंसेवकाने संमतीसाठी गळ घालू नये. त्याने पाणी द्यावे, जेवलात का विचारावे, गावी फोन लावून द्यावा. बोली येत असेल तर डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे पोहोचवावे, पदरचे काही घालू नये. कुटुंब ‘नाही’ म्हणाले तरी त्याने तिथून उठून जाऊ नये. अवयवाच्या बदल्यात पैसे घेणे-देणे गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक हवे. दाता आणि रुग्ण यांची नावेही त्याने कुठे बोलू नयेत.

दुसऱ्या बाजूला अवयव मिळालेला रुग्ण असतो. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून त्याला रोज, बहुधा जन्मभर, गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि गोळ्या संपल्या, तर मिळालेला अवयव निकामी होऊ शकतो. गोळ्यांचा साठा, तपासणीची तारीख, ताप येताच करायचा फोन, याची आठवण ठेवणारा गावातला सोबती इथे मोलाचा ठरतो.

सोबत्याचे हे मोल जंगलातल्या माणसांनी फार आधी ओळखले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली. तिचा शोधग्रामचा दवाखाना आदिवासींच्या सूचनेवरून झोपड्यांच्या गावासारखा बांधला गेला, कारण रुग्णाजवळ आपल्या माणसांना राहता यावे, ही त्यांची अपेक्षा होती.

प्रत्यारोपण कक्षात जंतुसंसर्गाच्या भीतीने आपल्या माणसांना बाहेर थांबावे लागते. म्हणूनच बाहेर त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवे. ज्यांना हे काम करावेसे वाटते, त्यांनी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा प्रत्यारोपण समन्वयकांना भेटावे. त्याआधी आपली स्वतःची इच्छा घरच्यांना सांगून ठेवावी. दानपत्र भरले असले तरी शेवटी डॉक्टर घरच्यांनाच विचारतात.